कोडं घालणारी कोड्यात नसते

सोमवार, ११ मार्च २०२४

...तर त्या सकाळी मी कॉफी ठेवली, मांजराला बाहेर काढलं, कोंबड्यांच्या पाण्यावरचा बर्फ फोडला आणि धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन टेबलाशी मोज्यांच्या जोड्या लावत बसले. माझा नवरा ओरिन समोर टोस्ट खात होता. अकरा जोड्या लागल्या आणि एक राखाडी मोजा उरला. मी ओरिनला म्हटलं, शुक्रवारी मशीनमध्ये मोजून टाकले तेव्हा तेवीसच होते. म्हणजे हरवला तो धुवायच्या आधी. तुझ्या पायात नाही, पलंगाखाली मी झाडलंय, म्हणजे तो तुझ्या बर्फातल्या बुटात आहे. तो उठून व्हरांड्यात गेला आणि मोजा हातात धरून परत आला. दारातच उभा राहून म्हणाला, मार्लिस, तू वकील व्हायला हवं होतंस.

ही मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याने गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायचं खोपटं बर्फावरून ओढून घरी आणलं, दम खायला ट्रकच्या मागच्या फळीवर बसला, आणि उठला नाही. मधल्या आठवड्यात तो बरंच बोलला, पण ते मीठ दे, दार लाव, असलं. माझ्याबद्दलचं त्याचं शेवटचं मत हेच.

आज ठरवलं. वकील व्हायचं. वय सहासष्ट. गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे.

बुधवार, १३ मार्च

लायब्ररीत गेले. लॉ कॉलेजला आधी एक प्रवेश परीक्षा असते असं कळलं. मागच्या दाराशी एक खोकं होतं, त्यावर ‘फुकट, घेऊन जा’ असं लिहिलेलं. त्यात नेमकी याच परीक्षेच्या तयारीची सहा पुस्तकं! लायब्ररीतली बाई म्हणाली की ही टाकायलाच काढलीत, फार जुनी झाली. मी मनात हसले. तर्कशास्त्र काय दूध आहे नासायला?

एका पुस्तकात म्हटलंय की विद्यार्थी सर्वांत जास्त घाबरतात ते कोड्यांना, आणि त्यातही गट पाडायच्या कोड्यांना. अमुक इतकी माणसं, अमुक इतके गट, कोण कोणाबरोबर चालतो आणि कोण नाही, याच्या अटी. त्यावरून कोण कुठे ते शोधायचं.

बाविसाव्या वर्षी लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करतेय?

गुरुवार, १४ मार्च

पहिलं कोडं. सात कुत्रे, तीन गाड्या. शिकारी कुत्रा आणि पूडल एका गाडीत नकोत. म्हातारा कुत्रा पहिल्या गाडीत असेल तर पिल्लू तिसऱ्या गाडीत. वगैरे.

एका कोड्याला साडेआठ मिनिटं धरतात. मला एक तास पन्नास मिनिटं लागली. पाच प्रश्नांपैकी एक बरोबर. पण हा वेळेचा प्रश्न आहे, बुद्धीचा नाही. शिवाय कोड्यातच खोट आहे. त्या पूडलला घरीच ठेवायला हवं होतं.

शुक्रवार, १५ मार्च

निश्चय:
पहाटे पाचला उठणे. कॉफीच्या आधी चार कोडी.
रोज एक तास उतारे वाचणे. (रद्द. विश्वकोशाचे खंड मी ‘एल’पर्यंत वाचलेत. ‘लॉ’ त्यात येऊन गेला.)
रोज एक तास युक्तिवादाचा सराव. (रद्द. सव्वीस वर्षं आर्डिस माझी शेजारीण आहे.)
म्हणजे राहिली फक्त कोडी.

मंगळवार, १९ मार्च

पाचला उठले नाही. शनिवारी घड्याळ वाजलं नाही. रविवार हा रविवार असतो. सोमवारी घड्याळ वाजलं, पण बाहेर इतका अंधार होता की पाच वाजलेत यावर विश्वास बसेना.

मात्र एक मोठा शोध लागला. कागदावर अक्षरं लिहिली की माझा गोंधळ होतो. म्हणून ओरिनची मासेमारीची पेटी काढली. तिला कप्पे आहेत. एकेक गळ म्हणजे एकेक माणूस. लाल ठिपक्यांचा गळ इथे, मग हिरव्या बेडकासारखा गळ तिथे नको. एका तासात कोडं सुटलं! तीन प्रश्न बरोबर. अंगठ्याला दोन ठिकाणी टोचलं. परीक्षेला पेटी नेता येईल का ते विचारायला हवं.

पेटीला अजून त्याचा वास आहे. तळ्याचं पाणी आणि पुदिन्याच्या गोळ्या.

रविवार, २४ मार्च

चर्चमधून येताना आर्डिसने गाठलं. ओरिनची बहीण असल्याने मला गाठायचा हक्क आपल्याला जन्मजात आहे असं तिला वाटतं. म्हणाली, वर्ष झालं गं बाई, आता तळघरात कधी येतेस?

आमच्या चर्चमध्ये कोणाचं दफन असलं की तळघरातल्या स्वयंपाकघरात बायकाच सगळ्यांचं जेवण करतात. बनमध्ये हॅम, दुधात घालून ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे, लोणचं, गोड वड्या, कॉफी. जिचा नवरा गेला तिला एक वर्ष सुट्टी. मग तिने परत यायचं, एप्रन बांधायचा. कुठे लिहिलेलं नाही, पण पाळतात मात्र दहा आज्ञांपेक्षा काटेकोर.

मी सांगितलं की यंदा शक्य नाही, माझा अभ्यास आहे. आर्डिस म्हणाली, कसला? मी सांगितलं. तिने गाडीला टेकून मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, अगं, लॉ कॉलेजला जायला आधी चार वर्षांची पदवी लागते, तू तर शाळेतून थेट डेअरीत गेलीस. मी म्हटलं, एका वेळी एकच अडचण.

तळघरात मी शेवटची गेले ती ओरिनच्या जेवणाला. त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. तळघरातल्या बायकांपैकी व्हर्ना प्लेट घेऊन समोर येऊन बसली होती. म्हणाली, तू खाल्ल्याशिवाय मी उठणार नाही, मला काही घाई नाही, गाई विकून टाकल्यात. बनला लोणी अगदी कडेपर्यंत लावलेलं होतं. एवढंच आठवतं.

अभ्यासामुळे जमणार नाही, बाकी काही नाही.

मंगळवार, २ एप्रिल

आजची युक्ती: अट उलटी करायची. ‘क आला तर ख बाहेर’ म्हणजेच ‘ख आला तर क बाहेर’. एका अटीच्या दोन अटी होतात, आणि त्याही फुकट.

क्रिस्टाचा मिनिआपोलिसहून फोन. तिच्यावर करून पाहिली. ती म्हणाली, आई, तू नीट जेवलीस तर मी रोज फोन करणार नाही. मी म्हटलं, म्हणजे तू रोज फोन केलास तर मी नीट जेवले नाही असं ठरतं. तर मग तुझ्या फोनमुळेच माझी उपासमार होतेय. ती म्हणाली, पण जेवलीस का?

मुद्दा तिला कळला नाही. दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथे समोरचा बोलू शकत नाही, त्यामुळे वादाची सवय राहत नाही.

(टोस्ट खाल्ला.)

शुक्रवार, ५ एप्रिल

युक्ती दुसरी: मोकळा माणूस. कोड्यात एखादा असा असतो की ज्याच्याबद्दल एकही अट नाही. त्याच्याकडे सुरुवातीला बघायचंच नाही. बाकी सगळे बसले की शेवटी जिथे जागा रिकामी राहील तिथे त्याला टाकायचं.

बिचारा. पण युक्ती चांगली आहे. एक्केचाळीस मिनिटं.

रविवार, १४ एप्रिल

संधी चालून आली. पास्टर ॲनिका म्हणाल्या, तळघरात वर्षभर नुसता गोंधळ चाललाय. कधी सगळ्याच येतात आणि कॉफी करायला कोणी नाही, तर कधी दोघीच येतात आणि दोघी बोलत नाहीत. मार्लिस, तुम्ही कसली तरी कोडी सोडवता म्हणे, आमचे तीन गट पाडून द्याल का? प्रत्येक गटाने पाळीपाळीने जेवण करायचं.

मी म्हटलं, विचार करून सांगते. पार्किंगपर्यंत विचार केला आणि परत जाऊन हो म्हटलं. परीक्षेपूर्वी खऱ्या माणसांवर सराव! येशूने बारा जण निवडताना अटी नीट लिहून काढल्या असत्या, तर ते शेवटचं जेवण शांतपणे पार पडलं असतं.

मंगळवार, १६ एप्रिल

बायका आठ. गट तीन. अटी:

१. व्हर्ना आणि लॅव्हॉन एका गटात नकोत. व्हर्ना बटाटे सोलते, लॅव्हॉन खोक्यातले वाळवलेले वापरते. अकरा वर्षं अबोला.
२. फर्न नेहमी आर्डिसबरोबर. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर फर्न गाडी चालवत नाही, आर्डिस तिला आणते.
३. आर्डिस आली तर बर्नीस बाहेर. बर्नीसची कॉफी पाणीदार असते आणि आर्डिस ते सर्वांसमोर बोलते.
उरलेल्या तिघी कुठेही चालतात.

दोन आणि तीन जोडल्यावर एक छुपी अट निघाली: फर्न आणि बर्नीस कधीच एकत्र येणार नाहीत! अशी छुपी अट सापडणं म्हणजेच खरी बुद्धी, असं पुस्तकात पान चौऱ्याऐंशीवर आहे. गळ वापरले. आर्डिससाठी तीन टोकांचा मोठा गळ घेतला.

गुरुवार, १८ एप्रिल

सुटलं. तीन, तीन, दोन. सुबक अक्षरात लिहून पास्टरना नेऊन दिलं. त्यांनी नावं बोटाने मोजली. म्हणाल्या, छान झालंय, फक्त शेवटच्या गटात दोघीच आहेत. बटाटे, बन आणि कॉफी, तीन जणी तर लागतातच. मी म्हटलं, आठाला तीनने भागलं की असंच होतं, यात माझी चूक नाही. त्या म्हणाल्या, आणि तुम्ही स्वतःला कुठे धरलंत?

काय प्रश्न आहे! कोडं घालणारी कोड्यात नसते. तसं सांगितलं. त्या हो म्हणाल्या, पण ते दफनाच्या वेळी म्हणतात तसं मऊ आवाजात. मला तो आवाज आवडत नाही.

रविवार, २८ एप्रिल

तक्ता तळघराच्या जिन्यात लावला. लोकांनी फार रस घेतला.

फर्न आणि बर्नीस मिळून आल्या. म्हणाल्या, आम्हा दोघींना वेगळं का केलंस, आम्ही काय केलं? फर्न आणि बर्नीस सख्ख्या बहिणी आहेत. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. पण अटींमध्ये ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

लॅव्हॉन म्हणाली, माझं नाव व्हर्नाच्या खाली का? मी म्हटलं, ते वेगवेगळे गट आहेत. ती म्हणाली, कागद एकच आहे.

आर्डिस म्हणाली, बर्नीसची कॉफी पाणीदार असते हे तू तक्त्याखाली टीप म्हणून लिहायला नको होतं. मी म्हटलं, अट म्हटली की कारण द्यावं लागतं. ती म्हणाली, वकील नाहीस तोच एवढी दुश्मनी, झाल्यावर तर तुला बॉडीगार्ड लागेल.

रविवार, ५ मे

प्रत्येकीने नवी अट आणून दिली. एकूण एकतीस. त्या पाळून एकही गट पडत नाही. एका गटात फक्त कॉफीचं भांडं उरतं.

पद्धत बरोबर आहे. माणसं चुकीची आहेत.

शुक्रवार, १७ मे

तक्त्याप्रमाणे पहिलं जेवण. शहाण्णव वर्षांचे हार्लन गेले. गट क्रमांक दोनची पाळी. मी गेले नाही; अभ्यास होता. आर्डिसने फोनवर सांगितलं की गट दोनमधली एकच आली, गट एकच्या दोघी आल्या, गट तीनची एक आली ती गटातच नसलेल्या चुलतबहिणीला घेऊन. तक्ता कोणी बघितला नाही, पण भिंतीवरचा ओलीचा डाग त्याने छान झाकला जातो. जेवण मात्र वेळेवर झालं. बटाटे दोन प्रकारचे होते.

म्हणजे पाच जणी. म्हणजे संख्या जमली. म्हणजे तत्त्वतः माझी पद्धत यशस्वी.

शनिवार, १५ जून

नऊ मिनिटं!! सगळे प्रश्न बरोबर, आणि गळांशिवाय, नुसत्या पेन्सिलीने. आठ संगीतकार, दोन वाद्यवृंद. मी उठले आणि सांगायला वळले. समोर खुर्ची होती.

कोंबड्यांना सांगितलं.

परीक्षेला नाव घातलं. सप्टेंबर, फार्गो. क्रिस्टाने कॉम्प्युटरवर फॉर्म भरून दिला. फोनवर विचारत होती, आई, तू बाकीच्या भागांचं काय करतेयस? मी म्हटलं, एका भागात पैकीच्या पैकी मिळाले की बाकीचे आपोआप वर ओढले जातात. ती म्हणाली, तसं नसतं गं. मी म्हटलं, माझी कॉफी उतू जातेय. जात नव्हती.

गुरुवार, ४ जुलै

सुट्टी. एकही कोडं नाही. पाचचं उठणंही आजपासून अधिकृतपणे रद्द, म्हणजे मोडलं असं म्हणता येणार नाही.

गावच्या मिरवणुकीत व्हर्ना आणि तिचा नवरा एमिल त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरवर होते. एमिलने टोपी उडवली. फार बारीक झालाय. व्हर्ना त्याच्या बेल्टला मागून धरून बसली होती.

सोमवार, २२ जुलै

परीक्षावाल्यांची तिसरी ईमेल. ‘ऑगस्टपासून परीक्षेच्या स्वरूपात बदल’ असं काहीतरी. न वाचता मिटवली. बदल करणाऱ्यांना दुसरं काम नसतं. डेअरीत दर वर्षी बाटलीचं झाकण बदलायचे, आत दूध तेच.

क्रिस्टाही फोनवर म्हणत होती की आई, ती ईमेल वाचलीस का, त्यात महत्त्वाचं आहे. मी म्हटलं, मला घाबरवू नकोस. ती म्हणाली, घाबरवत नाही, वाच फक्त. मी म्हटलं, वाचते. आणि वाचणारही आहे. आधी ही दोन पुस्तकं संपू देत.

शनिवार, १० ऑगस्ट

आज लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली असती. ओरिन दर वर्षी ही तारीख विसरायचा आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट मक्याची कणसं घेऊन यायचा. मी आज कणसं आणली. दोन उकडली. एक उरलं.

सहा कोडी सोडवली. सगळी बरोबर.

मंगळवार, २७ ऑगस्ट

हॉल तिकीट आलं. काय आणू नये त्याची मोठी यादी. मासेमारीच्या पेटीचा उल्लेख नाही, पण धारदार वस्तू आणू नयेत असं आहे. हरकत नाही, गळ आता माझ्या डोक्यात आहेत. कोणकोणते भाग असतील तेही दिलंय: युक्तिवाद, पुन्हा युक्तिवाद, उतारे. कोड्यांचं नावसुद्धा नाही. गुप्त ठेवत असणार. सर्वांत अवघड गोष्ट कोण आधी सांगतं?

मंगळवार, ३ सप्टेंबर

आर्डिसचा फोन. एमिल गेला, काल रात्री, झोपेत. दफन शनिवारी अकराला. मग म्हणाली, व्हर्नाच आता सुट्टीवर, म्हणजे आम्ही सातच उरलो. शनिवारी येशील?

मी म्हटलं, शुक्रवारी माझी परीक्षा आहे. ती म्हणाली, मी शनिवार म्हटलं. मी म्हटलं, माझं डोकं थकलेलं असेल. ती म्हणाली, बनला लोणी डोक्याने नाही लावत, मार्लिस.

फोन ठेवला. व्हर्नाला फोन करावा असं वाटलं. एक कोडं सोडवलं. दहा मिनिटं. एक चुकलं. आज हवा दमट आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

पेन्सिली आठ, टोक काढून. सँडविच. ट्रकमध्ये पेट्रोल. ओरिनची टोपी डॅशबोर्डवर आहे ती तशीच राहू दिली. उद्या त्याचं मत खरं ठरणार. माझ्यावर कुठलंच दडपण नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

फार्गो. खोलीत सगळी पोरं, एकाच्याही चेहऱ्यावर सुरकुती नाही. प्रत्येकासमोर कॉम्प्युटर. पेन्सिल फक्त कच्च्या कामाला. हरकत नाही.

पहिला भाग: युक्तिवाद. एका लेखकाने एक मत मांडलेलं आणि त्याला खोडून काढणारं उत्तर निवडा म्हणे. पाचही उत्तरं चुकीची होती आणि तो लेखकही. त्याच्याशी वाद घालण्यात निम्मा वेळ गेला. मी स्वतःला म्हटलं, थांब, कोडी पुढच्या भागात.

दुसरा भाग: उतारे. एक शिंपल्यांवर. शिंपले इंग्रजीत ‘मसल्स’, म्हणजे ‘एम’पासून, माझा विश्वकोश ‘एल’ला संपतो. कोडी पुढच्या भागात.

मधली सुट्टी. सँडविच. शेजारचा मुलगा म्हणाला, आजी, कसं चाललंय? मी म्हटलं, माझा भाग अजून यायचाय.

तिसरा भाग: युक्तिवाद. चौथा भाग: पुन्हा युक्तिवाद. मग पडद्यावर आभार आले.

मी हात वर केला. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक गृहस्थ आला. त्याला सांगितलं की माझ्या मशीनमधून कोड्यांचा भाग राहून गेलाय. तो वाकून हळू बोलला. म्हणाला, मॅडम, कोडी काढून टाकली. ऑगस्टपासून. जूनमध्ये शेवटची झाली. मी म्हटलं, काढून टाकली म्हणजे कुठे ठेवली? तो म्हणाला, बंद केली. सगळ्यांना ईमेल गेल्या होत्या, तीनतीनदा. मग माझं तोंड बघून म्हणाला, बहुतेकांना आनंदच झाला.

ट्रकमध्ये येऊन बसले. जुनं पुस्तक सीटवर होतं. शेवटच्या पानावरचं कोडं अजून शिल्लक होतं: नऊ पाहुणे, तीन टेबलं. घड्याळ लावून सोडवलं. आठ मिनिटं. सगळी उत्तरं बरोबर. नववीवर अटच नव्हती, ती शेवटच्या टेबलाला गेली.

टोपीला सांगितलं. मग घरी आले. क्रिस्टाचा फोन आला, कसा गेला पेपर? मी म्हटलं, परीक्षा चुकीची होती. ती हसली नाही. म्हणाली, आई, जेवलीस का? नाही म्हटलं. मी तिला पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं.

पुस्तकं खोक्यात भरली. सोमवारी लायब्ररीच्या मागच्या दारात ठेवीन. गळ पेटीत परत ठेवले, त्याच्या पद्धतीने, म्हणजे कसेही.

शनिवार, ७ सप्टेंबर

साडेसातला तळघरात गेले. जिन्यात माझा तक्ता अजून होता. आर्डिसने एप्रन दिला. लॅव्हॉन सिंकपाशी उभी राहून बटाटे सोलत होती, खरे, दोन बादल्या. बन आणि लोण्याजवळ जागा रिकामी होती. तिथे उभी राहिले. एकशे वीस बनना लोणी लावलं, कडेपर्यंत. दफनाहून सगळे आले तेव्हा प्लेट वाढून घेतली, आणि व्हर्नासमोर बसून राहिले, ती खाईपर्यंत.